रेड अलर्ट कोकणाला, मुलगा पुण्यात : नेमकं काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा : आई-बाबा चिपळूणच्या वरच्या अंगाला, वाशिष्ठी नदीला मिळणाऱ्या एका पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याच्या, काठी राहतात. मुलगा वारज्यात. रत्नागिरी जिल्ह्याला रेड अलर्ट आहे, शिवाय ‘फ्लॅश फ्लडचा मध्यम ते जास्त धोका’ असंही आलंय. बाबा म्हणतात, असले अलर्ट दर आठवड्याला येतात. खरी काळजी कधी करायची? आणि शनिवारी गाडी काढून जावं का?

बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. जुलैमध्ये कोकणात रेड अलर्ट खरंच वरचेवर येतो आणि त्यातल्या बऱ्याच दिवशी कुणाच्या अंगणातही पाणी येत नाही. अलर्ट दिला जातो अख्ख्या जिल्ह्याला, आणि तुमचं घर आहे एका पऱ्याच्या काठी. मधली जुळणी कोणतंही खातं तुम्हाला करून देणार नाही, ती घरच्यांनीच करायची असते. पूर-अंदाजाच्या कामात माझी उभी नोकरी गेली. माझं सांगणं एवढंच आहे की अलर्टचा रंग बघून तिथेच थांबू नका. वर घाटात किती पडतंय आणि खाली खाडीत काय चाललंय ते बघा, आणि घर सोडायचं की नाही हे उजेड असताना ठरवा.

आधी आकड्यांचं. हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि त्याच्या वर गेला की सगळ्यात वरचा वर्ग. हे २४ तास सकाळी साडेआठला संपतात. म्हणजे सकाळी मोबाइलवर ‘चिपळूण २१० मिमी’ असं वाचता तेव्हा तो कालचा हिशेब असतो, आजचा अंदाज नव्हे. दुसरं, त्या आकड्याला वेळ चिकटलेली नसते. २१० मिमी दिवसभर सारखा पडला तर कोकण तो सहज पचवतं. तोच अर्ध्या रात्रीत कोसळला तर साकव, म्हणजे ओढ्यांवरचे छोटे पूल, वाहून जातात. महसूल खातं एका मंडळात दिवसाला ६५ मिमी झाला की अतिवृष्टी धरतं आणि पंचनाम्याला लागतं. कोकणात जुलैचा साधा दिवस तेवढा असतो, पुण्यात मात्र तेवढा दोन तासांत पडला की ओढे रस्त्यावर येतात. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं ते वारज्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द असतात, तिकडे लोक बघतच नाहीत. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी. म्हणजे जिल्हा लाल असला तरी तीन चतुर्थांश गावांत तसा पाऊस होणार नाही हे अंदाजातच लिहिलेलं असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यात पंच्याहत्तरच्या आत. एकच शहर, एकच दिवस. आता पुण्यातल्या पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेलं भारत फोरकास्ट सिस्टीम हे मॉडेल मे २०२५पासून सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देतं. आधीच्या बारा किलोमीटरच्या मानानं ही मोठी झेप आहे, आणि आम्हा जुन्या लोकांना तिचं अप्रूपही आहे. पण तुमच्या गावाकडे सहा किलोमीटरच्या चौकटीत नदीकाठचा मळा, मधला सडा (कातळाचं पठार) आणि घाटाची भिंत असं सगळंच येऊ शकतं. पऱ्या कोणता फुगणार, हे त्यातून कळत नाही.

आता तो फ्लॅश फ्लडचा निरोप. हा जिल्ह्याच्या रंगाहून वेगळ्या पद्धतीनं निघतो. २०२०पासून दक्षिण आशियासाठी एक यंत्रणा चालू आहे. तिच्यात छोटीछोटी पाणलोट क्षेत्रं घेऊन, जमीन आत्ता किती भिजलेली आहे आणि पुढं किती पाऊस अपेक्षित आहे याची सांगड घातली जाते, आणि पुढच्या सहा तासांचा धोका व चोवीस तासांचा धोका वेगवेगळा सांगितला जातो. मोठ्या नदीकाठी राहणाऱ्यानं जिल्ह्याचा रंग आणि नदीची पातळी बघावी. पऱ्याकाठी राहणाऱ्यानं हा निरोप जास्त मनावर घ्यावा. त्यातला सहा तासांचा भाग ‘जास्त’वर गेला, तर बाबांना फोन करायला ते पुरेसं कारण आहे.

जमीन भिजलेली असणं हा सगळा खेळ आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. समजा तुमच्या पऱ्याचं पाणलोट तीस चौरस किलोमीटर आहे आणि तीन तासांत शंभर मिलिमीटर पडला. झाले तीनशे कोटी लिटर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यातलं निम्मंच वाहून आलं आणि तेही त्याच तीन तासांत, असं धरलं, तरी पऱ्यातून सरासरी जवळजवळ पाच हजार क्युसेक (सेकंदाला पाच हजार घनफूट) जातात. जुलैअखेरीला आधीच्या चार दिवसांत संततधार लागून गेलेली असते, सड्यावरच्या कातळात पाणी जिरायला जागा उरत नाही. मग तोच पाऊस आठ हजारांच्या पुढं जातो. खडकवासल्यातून आठ हजार सोडले तर पुण्यात नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि लोक पुलावर उभे राहून फोटो काढतात. मुठेचं पात्र तेवढं रुंद आहे. तुमच्या पऱ्यावरून चार उड्यांत पलीकडे जाता येतं, तिथं हे पाणी मावणार कुठं? म्हणूनच ‘गेल्या महिन्यात याहून जास्त पडला होता, काही झालं नाही’ हा युक्तिवाद जुलैच्या शेवटी चालत नाही.

वर घाटात काय पडतंय हे कळायला आकडे रोज उपलब्ध असतात, फक्त लोक आपल्या गावाचा आकडा बघून ॲप बंद करतात. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झालेला असला की हे चार-चार दिवस थांबत नाही. त्यामुळं चिपळूणच्या माणसानं कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचे आकडे बघावेत. ही ठिकाणं पाणलोटाच्या पलीकडच्या अंगाला असली तरी डोंगरमाथ्यावर काय चाललंय हे त्यांच्यावरून बरोबर कळतं. जुलै २०२१मध्ये, चिपळूण आणि महाड बुडाले त्याच झडीत, महाबळेश्वरला २२ तारखेच्या सकाळपासून २३च्या सकाळपर्यंत ५९४ मिमी पाऊस झाला. कोकणातल्या नद्या आखूड. घाटमाथ्यावरून सुटलेलं पाणी काही तासांत गावात हजर होतं. पुणेकरांना धरणाच्या विसर्गाची आगाऊ सूचना मिळायची सवय असते, तसं तिथं प्रत्येक पऱ्यावर कुणी बसलेलं नसतं. वाशिष्ठीला आणखी एक गोष्ट आहे : कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं अवजल कोळकेवाडीकडून तिच्यातच येतं. त्याचा पुरात वाटा किती, यावर चिपळूणमध्ये दोन माणसं बसली तर तीन मतं निघतात. मी त्यात पडत नाही. मात्र अवजल सोडण्याबद्दलची सूचना आली तर ती वाचा.

खाली खाडीचं गणित वेगळं. वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या उंबऱ्यापर्यंत चढतं. भरती असताना नदीचं पाणी खाली उतरू शकत नाही, ते शहरात पसरतं. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं, आणि रोज पाऊण-एक तास पुढं सरकत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं. २२ जुलै २०२१ला पौर्णिमा दोन दिवसांवर होती. तुमचं घर वरच्या अंगाला आहे, तेव्हा त्याला थेट भरती लागणार नाही. पण आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रस्ता कुठून जातो? बाजारपेठेतून जात असेल तर भरतीची वेळ तुमच्याही कामाची आहे. ती पंचांगात असते आणि गोवळकोटच्या कोणत्याही मच्छीमाराला तोंडपाठ असते.

आता घरच्या घरी काय करायचं. बाबांना सांगा, अंगणात आभाळ मोकळं असेल तिथं, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, सरळ कडांचं एक पातेलं ठेवा. दर तासाला आत फूटपट्टी बुडवून बघायची. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. हे प्रयोगशाळेचं यंत्र नाही, पण चार-पाच सेंटिमीटर तासाला भरत असतील आणि दुसऱ्या तासालाही तसेच भरले, तर माझ्या लेखी ती बॅग भरायची वेळ. दुसरं, पऱ्यावरच्या साकवाच्या खांबावर ऑइल पेंटनं दोन खुणा करा. खालच्या खुणेला पाणी लागलं की सामान वर, वरच्या खुणेला लागायच्या आत माणसं बाहेर. खुणा कुठं करायच्या ते वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठरवा. २००५ आणि २०२१ला पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना भिंतीवर हात ठेवून दाखवता येतं.

पाण्याकडे नीट बघितलं तर तेही सांगतं. एरवी पावसाळ्यात पऱ्या तांबूस असतोच. तो अचानक दाट, काळपट चिखलाच्या रंगाचा झाला, बांबूची बेटं, ओली पालवी असलेल्या फांद्या, आख्खी मुळं वाहून यायला लागली, की वर काठ तुटायला लागलाय असं समजा. तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा दबका, सारखा आवाज येतो, तो पाण्याच्या आवाजाहून वेगळा असतो आणि पायांना जाणवतो. सगळ्यात वाईट खूण लोकांना सुटकेची वाटते : पाऊस जोरात चालू आहे आणि पऱ्याचं पाणी एकदम उतरलं. वर दरड कोसळून किंवा झाडं अडकून पात्र तुंबलेलं असू शकतं, आणि ते फुटलं की येणारा लोंढा खुणा बघायला वेळ देत नाही. तेव्हा ‘उतरलं एकदाचं’ म्हणून झोपायला जाऊ नये. वरच्या अंगाला मातीचं धरण किंवा पाझर तलाव असेल तर पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना दिसलं तरी तहसीलदारांच्या कार्यालयाला लगेच कळवा. २ जुलै २०१९च्या रात्री तुमच्याच तालुक्यात तिवऱ्याचं धरण फुटलं होतं, हे बाबांना आठवत असेलच.

घर सोडायचं झालं तर ते संध्याकाळी, जेवणं उरकून, टॉर्चची गरज पडायच्या आत. चिपळूणचा २०२१चा पूर पहाटे चढला. झोपेत असलेल्या माणसाला वृद्ध आईला उचलून पोटमाळ्यावर नेण्यापलीकडं काही सुचत नाही. पोटमाळ्याला वर कौलातून बाहेर पडायची वाट नसेल तर तिथं चढू नये, एवढं मात्र स्पष्ट सांगतो. मेन स्विच, गॅसचा रेग्युलेटर, औषधं, कागदपत्रं हे तुम्हाला माहीत आहेच. गुरं असतील तर त्यांची दावी सोडून द्या. बांधलेलं जनावर बुडतं, सुटं असलेलं बहुतेक वेळा उंचावर जातं.

कुणाच्या घरी जायचं हेही आधी ठरवा, आणि इथं कोकणात एक पेच आहे. पाण्यापासून वर जायचं म्हणजे डोंगराला चिकटून जायचं, आणि डोंगर तर भिजून फुगलेला. २०१४ला आपल्याच पुणे जिल्ह्यात माळीण, २०२१ला महाडजवळ तळीये, २०२३ला खालापूरची इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी आधी सलग पाऊस होऊन गेलेला होता. तेव्हा ज्या घरी जाणार त्याच्या मागचा उतार पावसाआधी एकदा फिरून बघा. जमिनीला नवी भेग, विजेचा खांब किंवा झाडं एका बाजूला कललेली, इतकी वर्षं नीट लागणारं दार अचानक अडकायला लागलेलं, जिथं कधी झरा नव्हता तिथून गढूळ पाणी, यांतलं काहीही दिसलं तर ते घर यादीतून काढा. अशा वेळी सपाटीवरची शाळा किंवा देवळाचा सभामंडप बरा.

थोडं विषयांतर करतो, कारण पुण्यातली बरीच मंडळी सध्या कोकणात प्लॉट बघत असतात. नकाशावर निळी पूररेषा असते ती पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंट सांगतो, ‘साहेब, शंभर वर्षांतून एकदा!’ त्याचा खरा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तीस वर्षं त्या घरात राहायचं म्हटलं तर लाल रेषेवर पाणी एकदा तरी येण्याची शक्यता सव्वीस टक्के होते, आणि निळ्या रेषेवर सत्तर टक्के. ‘रिव्हर टच’ म्हणून ज्याचे जास्त पैसे मोजता तो बहुतेक वेळा नदीचाच भाग असतो.

आता शनिवार. रेड अलर्ट असताना जाऊ नका. तुम्ही गेलात तर वाडीला सांभाळायला एक माणूस वाढतो, मदत वाढत नाही. वारज्यात नुसती भुरभुर असते म्हणून पुण्याचं आभाळ बघून काही ठरवू नका. मुळशीच्या पुढं दर दहा किलोमीटरला पाऊस वेगळा असतो. कराडमार्गे कुंभार्ली घ्या, ताम्हिणी घ्या, नाहीतर भोरहून वरंधा, तिन्हीकडे दरडी येतात, आणि नकाशाचं ॲप वाहतूक नाही म्हणून नेमका बंद पडायच्या बेतात असलेला घाट सुचवतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या, अंधारात पूल नाही हे मागून येणाऱ्याला दिसलंच नाही. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की धडधाकट माणसाचे पाय सुटू शकतात, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते आणि दोन फुटांत मोठीही. रस्त्यावरून वाहणाऱ्या गढूळ पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की नाही हे गाडीत बसून कळत नाही. एनडीआरएफची बटालियन आपल्याकडे तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, आणि त्यांनाही खाली उतरायला हेच घाट आहेत. म्हणून पहिले काही तास तुमच्या आई-बाबांना जी मदत मिळेल ती शेजाऱ्यांची.

त्यामुळं तुम्ही पुण्यात बसून करायचं काम वेगळं आहे. वाडीतल्या दोन जणांचे नंबर आजच घ्या, एक पऱ्याच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा. वीज गेली की टॉवरही जातो, म्हणून ‘फोन लागला नाही तर काय’ हे आधीच बोलून ठेवा : कुठं जाणार, कुणाबरोबर, किती वाजता. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आणि कुठूनही ११२. बाहेरच्या जिल्ह्यातून १०७७ लावलात तर तुमच्याच जिल्ह्याचा कक्ष उचलतो, म्हणून रत्नागिरीच्या कक्षाचा दहा आकडी किंवा एसटीडी कोडसकटचा नंबर लिहून ठेवा. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही नवजा-महाबळेश्वरचा दिवसभराचा पाऊस, फ्लॅश फ्लडचा सहा तासांचा निरोप आणि रात्रीच्या भरतीची वेळ बघायची. बाबांनी पातेलं आणि साकवाची खूण बघायची. आणि मग फोनवर बोलून ठरवायचं. बाबा असल्या फोनला वैतागतील. ‘मी इथं जन्म काढला’ म्हणतील. त्यांना आदेश देऊ नका, पाणी खुणेपासून किती खाली आहे ते विचारा. ते बघायला ते उठतील.

शनिवारी सकाळी अलर्ट पिवळ्यावर आला असेल, घाट उघडा असल्याचं पोलिसांकडून कळलं असेल आणि आदल्या रात्री माथ्यावर पाऊस ओसरला असेल, तर दिवसाउजेडी निघा, कराडमार्गे. पिण्याच्या पाण्याचे कॅन, आईच्या गोळ्या, कोरडे कपडे, टॉर्चचे सेल आणि भरलेली पॉवर बँक घेऊन जा. पुराच्या पाण्यात चालणं झालं असेल आणि पायाला जखम असेल तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना लेप्टोबद्दल, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसबद्दल, विचारा. आणि अंगणातली गाडी पाण्यात राहिली असेल तर तिला स्टार्टर मारू नका; इंजिनात पाणी असताना तो एक स्टार्टर इंजिन कायमचं घालवतो, आणि साध्या विमा पॉलिसीत ते नुकसान सहसा धरत नाहीत.